आपल्याच मंडळाचं पान आपण लिहावं का?

'लालबागचा राजा नवसाला पावतो.' रात्रभर रांगेत उभ्या राहणाऱ्या भाविकाला या वाक्यात खटकण्यासारखं काहीच वाटणार नाही. विकिपीडियावर मात्र ते तसंच्या तसं चालत नाही. तिथे 'नवसाला पावतो, अशी भाविकांची श्रद्धा आहे' असं लिहून पुढे एखाद्या पुस्तकाचा किंवा वृत्तपत्राचा संदर्भ द्यावा लागतो. यात श्रद्धेला धक्का लागत नाही. ती कोणाची आहे, एवढंच सांगितलं जातं. ज्ञानकोशाच्या तटस्थपणाचा गाभा हाच आहे.

तो पाळणं सोपं नसतं. नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात भारतातली पहिली विकिपरिषद भरली, तेव्हा विकिपीडियावरच्या भारताच्या नकाशावरून भारतीय जनता युवा मोर्चाच्या कार्यकर्त्यांनी तिथे निदर्शनं केली होती. नकाशा असो की नवस, प्रश्न एकच: दावा कोणाचा आणि तो ज्ञानकोशानं कोणत्या शब्दांत सांगायचा?

मराठी विश्वकोशातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर कोणीही 'संपादन'वर टिचकी मारून मजकूर बदलू शकतो आणि वाचकाला पानावर कोणाचंच नाव दिसत नाही. त्यामुळे लिहिणाऱ्याचा त्या विषयाशी काय संबंध आहे, याला मोल येतं. मंडळाचा कार्यवाह, शाळेचा विश्वस्त, बिल्डरच्या कचेरीतला जनसंपर्क अधिकारी, नाटककाराचा मुलगा, या सगळ्यांचे हितसंबंध गुंतलेले असतात. अशांनी आपल्या संस्थेच्या किंवा माणसाच्या पानावर थेट लिहू नये, असा संकेत आहे. पैसे घेऊन लिहिणाऱ्यासाठी नियम आणखी कडक आहे. आपण कोणासाठी लिहितो हे उघड करणं विकिमीडिया फाउंडेशनच्या वापर-अटींनुसार जून २०१४ पासून बंधनकारक आहे.

हे नियम कागदी नाहीत. आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेच्या इंग्रजी पानावरून टीकेचा मजकूर बरीच वर्षं काढला जात होता. त्यात गुंतलेल्या खात्याला प्रचालकाचे, म्हणजे विकिपीडियाची व्यवस्था पाहणाऱ्या सदस्याचे, अधिकारही मिळाले होते. अखेर २०१५ मध्ये विकिपीडियाच्या लवाद समितीनं त्या खात्यावर बंदी घातली. महाविद्यालय निवडताना मुलं अशीच पानं उघडून बघतात, म्हणून मला हे प्रकरण गंभीर वाटतं.

आता गिरण्यांच्या परळला येऊ; तिथेही दावा कोणाचा, हाच प्रश्न आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, हे सरळ लिहिता येतं. 'संपानं गिरण्या बुडवल्या' हे मात्र मत आहे आणि 'जमिनीसाठी मालकांनी गिरण्या मारल्या' हेही मतच. ज्याच्या वडिलांची नोकरी गेली तो दुसरं लिहील, टॉवर उभारणाऱ्या कंपनीचा माणूस पहिलं. दोन्ही मतं निम्मी-निम्मी छापली की तटस्थता साधली, हा समज चुकीचा आहे. जुनाट यंत्रं आणि यंत्रमागांची स्पर्धा यांमुळे धंदा संपाआधीच अडचणीत होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट उघडली, पण त्यातला मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी राखला. २००१ च्या दुरुस्तीनं हा वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती ग्राह्य धरली. हा क्रम तारखांनिशी आणि संदर्भांनिशी मांडला, तर वाचकाला आपलं मत आपण बनवता येतं.

इथेच एक अन्याय आहे आणि तो बोलून दाखवायला हवा. संप अंगावर झेललेल्या कामगाराला 'मी डोळ्यांनी पाहिलं' एवढ्यावर पानावर लिहिता येत नाही. छापील, स्वतंत्र संदर्भ लागतो. कंपनीच्या बाजूनं इंग्रजी वृत्तपत्रांतली कात्रणं सहज मिळतात, चाळीच्या बाजूनं फारशी नसतात. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेलं पुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध केलं आणि चाळीतल्या त्या आठवणी संदर्भ म्हणून देता येऊ लागल्या. नियम सैल करण्यापेक्षा अशी पुस्तकं वाढवणं मला अधिक खात्रीचं वाटतं.

जवळच्या माणसाला बरीच माहिती असते, तिला वाटही ठेवलेली आहे. प्रत्येक लेखामागे 'चर्चा' नावाचं पान असतं. तिथे 'मी या मंडळाचा पदाधिकारी आहे, स्थापनेचं साल चुकलं आहे, हा संदर्भ पाहा' असं लिहून खाली सही करायची. मग त्या मंडळाशी संबंध नसलेला दुसरा सदस्य संदर्भ तपासून पानावर बदल करतो. मराठीत काम करणारे हात थोडे असल्यानं उत्तराला वेळ लागतो, तेव्हा 'चावडी' या सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर पुन्हा विचारायचं. आणि तिथे लिहिलेला शब्दन् शब्द 'इतिहास' या कळीखाली राहतो, हे विसरायचं नाही.

गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या वाचकांना एवढीच विनंती. आपल्या मंडळाचं, शाळेचं पान उघडून चुका शोधा, पण त्या 'चर्चा' पानावर आपली ओळख देऊन नोंदवा. स्वतःच्या हातानं पानावर लिहायचं असेल, तर शेजारच्या गल्लीचा विषय घ्या आणि आधी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन त्यावरची पुस्तकं काढा.