थंडीने धावणारी यंत्रे

संगणकाचा पंखा घरघरूं लागला कीं आंतील चिप तापली, हें आपण जाणतोंच. चिपचा वेग वाढवितांना विद्युद्दाबहि बहुधा वाढवावा लागतो, आणि उष्णता त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. कारखान्यानें ठरविलेल्या वेगापलीकडे चिप पळविण्याचा नाद जडलेल्या हौशी मंडळींस म्हणूनच पंखा पुरत नाहीं. तीं चिपवर तांब्याचें भांडें बसवून त्यांत द्रवरूप नायट्रोजन ओततात. तो उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. २०११ सालीं एएमडी कंपनीची ३.६ गिगाहर्ट्झची एक चिप, त्याहूनहि थंड अशा द्रव हेलियमच्या साह्यानें, ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत गेली. अर्थात् बरेचसे गाभे बंद ठेवून!

हवेंतील बाष्प भांड्याभोंवतीं गोठतें. त्याचें पाणी विद्युन्मार्गांत शिरूं नये म्हणून तेथें व्हॅसलीन थापतात. कांहीं चिपा अति थंडीनें चालेनाशाच होतात. मग हीच मंडळी भांडें ज्योतीनें शेकतात. हौसेला मोल नसतें तें असें.

परंतु खरें भय निराळेंच आहे. एक लिटर द्रव नायट्रोजनाचा सुमारें ७०० लिटर वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. बंद खोलींत तो प्राणवायूची जागा घेतो. गुदमरल्याची तळमळ आपणांस होते ती मुख्यतः शरीरांत कार्बन डायॉक्साइड साठल्यामुळें. येथें तो उच्छ्वासावाटे बाहेर पडतच राहतो, आणि माणूस कसलीहि सूचना न मिळतां कोसळतो. म्हणून हा प्रयोग दारें-खिडक्या सताड उघड्या ठेवून, सोबतीला दुसरा माणूस घेऊनच करावा. आणि नायट्रोजनाच्या पात्राचें तोंड घट्ट बंद करूं नये, नाहींतर तें पात्रच फुटतें.