पातळ पेजेची पन्नास वर्षं

दिवाळी अंकात बालआहारावरचा लेख आला की त्याच्या शेवटी ‘काय द्यावे, काय टाळावे’ अशी चौकट असतेच. ती मी लिहिणार नाही. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, मग वरचं अन्न आणि दोन वर्षांपर्यंत दोन्ही, एवढं वाचकांना पाठ आहे असं धरून चालते. अंगणवाडी सेविकांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या काळात तज्ज्ञांची, अधिकाऱ्यांची आणि घरोघरच्या आज्यांची जी भांडणं ऐकली ती बहुतेक एकाच गोष्टीवरून. बाळाला द्यायचं काय? नाचणी की तांदूळ, दूध की डाळ, घरचं की डब्यातलं? वाटीतलं अन्न किती घट्ट आहे, दिवसातून किती वेळा दिलं जातं आणि भरवणारं माणूस शेजारी बसलेलं आहे की नाही, हे विचारलं की ‘ताई, तो स्वयंपाकघरातला प्रश्न झाला’ असं उत्तर मिळायचं. स्वयंपाकघरातला प्रश्न म्हणजे बिनमहत्त्वाचा, असं मानणारी माणसंच आहाराच्या बैठकांना बसत आली आहेत.

डब्याच्या दुधाचं पर्व उरकून टाकते, त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंनी १९३९ मध्ये सिंगापुरात भर सभेत सांगितलं की बाटलीच्या दुधाचा खोटा प्रचार करून होणारे बालमृत्यू हे खूनच समजायला हवेत. आपल्याकडे म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही असं परदेशी तज्ज्ञ छातीठोकपणे सांगत होते. आणंदला दुग्धतंत्रज्ञ दलायांनी ती करून दाखवली आणि १९६० च्या सुमारास बाळासाठीचा देशी डबा बाजारात आला. आमच्या नात्यातल्या एका मावशींच्या फडताळात तो दर्शनी भागात ठेवलेला असे, घरी आलेल्याला दिसावा म्हणून. पुढे १९८१ ची आंतरराष्ट्रीय संहिता, १९९२ चा आपला कायदा, २००३ ची दुरुस्ती. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात बंद झाली, निदान कागदावर. स्तनपानाच्या चळवळीची देशपातळीवरची संस्था १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात उभी राहिली, हे मात्र मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतं. त्याच्याही दोन वर्षं आधी, १९८९ मध्ये, मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. महापालिकेच्या रुग्णालयात, धारावीच्या शेजारी. खासगी पंचतारांकित दवाखान्यांना हे सुचायला पुढं कितीतरी वर्षं लागली.

दुसरं पर्व प्रथिनांचं. पन्नास-साठच्या दशकांत जगभरच्या पोषणतज्ज्ञांना प्रथिनांनी पछाडलं होतं. गरिबाचं मूल खुरटतं ते प्रथिनं कमी पडल्यामुळे, तेव्हा त्याला प्रथिनांची पूड द्या. म्हैसूरच्या प्रयोगशाळेत शेंगदाण्याची पेंड आणि हरभऱ्याची डाळ यांची पिठं तयार झाली, परदेशातून दुधाची भुकटी आली. त्या गलक्यात वेगळा सूर लावणाऱ्यांत आपले पां. वा. सुखात्मे होते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा संख्याशास्त्रज्ञ रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचा विभाग सांभाळत होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोटभर जेवणाऱ्याला त्याच्या रोजच्या धान्य-डाळीतून प्रथिनं बहुतेक मिळून जातात. खरी तूट पोटभर जेवणाची आहे. पोट अर्धं असेल तर वरून दिलेली प्रथिनंसुद्धा जळणासारखी जाळली जातात. हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ गोपालन यांचंही मोजमाप तेच सांगत होतं. अखेर १९७४ मध्ये लॅन्सेटमध्ये एका ब्रिटिश डॉक्टरनं या सगळ्या प्रकाराला ‘फजिती’ म्हटलं, तेव्हा कुठं हवा बदलली. सुखात्मे पुण्याला परतल्यावर त्यांचं आणि अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांचं गरिबीच्या मोजमापावरून जोरात वाजलं. त्यात दांडेकरांची बाजू मला जास्त पटायची, पण तो विषय वेगळा.

सुखात्म्यांच्या मांडणीतून माझा प्रश्न निघतो. पोटभर द्यायचं म्हणता, पण बाळाचं पोट केवढं? वजनाच्या दर किलोमागे साधारण तीस मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाचं पोट म्हणजे आपली एक मोठी वाटी, त्याहून थेंबभर जास्त मावणार नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज २०० कॅलरी लागतात, पुढच्या तिमाहीत ३००, वर्षानंतर ५५०. आता आपली घरोघरची पेज घ्या. शंभर ग्रॅम पेजेत पाच ग्रॅम पीठ असेल तर कॅलरी सतरा-अठरा. आईच्या दुधात तेवढ्याच मापाला सत्तरच्या आसपास. म्हणजे ‘आता वरचं सुरू केलं’ म्हणून जी पेज आपण पाजतो, ती बाळाच्या पोटातली जागा अडवते आणि चौपट ताकदीचं दूध बाहेर ठेवते. वरणाच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. वरची निवळ बाळाला आणि खाली बसलेली डाळ सासऱ्यांच्या ताटात, हे मी ठाण्यापासून नंदुरबारपर्यंत पाहिलं. शिकलेल्या घरांत जास्त पाहिलं, कारण डॉक्टरांनीच ‘डाळीचं पाणी’ लिहून दिलेलं असायचं.

पेज घट्ट करा म्हणणं सोपं. पीठ दुप्पट घातलं की ती चिकट गोळा होते, सात महिन्यांच्या बाळाला ती गिळता येत नाही, ते थुंकून टाकतं आणि आई पुन्हा पाणी ओतते. यात आईचा दोष नाही, पिठाचा स्वभावच तसा.

यावरचा उपाय आपल्या घरात होता आणि ऐंशीच्या दशकात बडोद्याला तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मोजून मांडला. धान्याला मोड आले की त्यात एक पाचक घटक तयार होतो, तो पिठातल्या स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतो. मी हे सेविकांना सूत्रं लिहून कधी शिकवलं नाही. स्टोव्ह मांडायचा. पातेल्यात तांदळाच्या पिठाची खीर कालथा उभा राहील इतकी घट्ट शिजवायची. खाली उतरवून जरा निवू द्यायची, कारण उकळत्या खिरीत तो घटक मरून जातो. मग मोड आलेल्या नाचणीचं पीठ, चहाचा एक सपाट चमचा, घालून ढवळत राहायचं. मागच्या रांगेतल्या बाया पुढे येऊन वाकायच्या. मिनिट-दोन मिनिटांत कालथा कलायचा आणि खीर कढीसारखी वाहू लागायची. पाण्याचा थेंब घातलेला नाही. पुन्हा एक उकळी काढून वाटीत. मोखाड्याकडची एक सेविका म्हणाली होती, ‘ताई, पाणी कुठून आलं?’ तेवढ्या एका प्रश्नावर माझा पुढचा सगळा तास व्हायचा.

करायला काही लागत नाही. नाचणी धुऊन रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची. दीड-दोन दिवसांत पांढरे कोंब दिसतात. सावलीत खडखडीत वाळवायची, अगदी मंद आचेवर हलकी गरम करायची, मोड हातानं चोळून पाखडायचे आणि दळायची. खरपूस भाजाल तर वास छान येईल आणि काम बिघडेल.

इथं माझं सत्त्ववाल्यांशी भांडण आहे. भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवला की झालं सत्त्व. दिसायला सुरेख, पचायला हलकं. पण नाचणीचं कौतुक आपण ज्या कॅल्शियमसाठी करतो (शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास), त्याचा आणि लोहाचा मोठा वाटा कोंड्यात असतो, आणि तो फडक्यात राहून म्हशीच्या आंबोणात जातो. बाळाला उरतो निव्वळ स्टार्च. हे बोलले की ‘पूर्वापार चालत आलंय’ म्हणून माझ्यावर डोळे वटारले जातात. पूर्वापार तर बाळंतिणीला पालेभाजी वर्ज्य होती. पुण्याजवळच्या खेड्यांत तिथल्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. रंजन याज्ञिक यांच्या चमूनं नव्वदच्या दशकात गर्भवतींची ताटं तपासली, तेव्हा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्यांची बाळं अंगानं भरलेली निघाली. आजीबाईंच्या बटव्याचे भक्त अळिवाचे लाडू सांगतात, हा अभ्यास सांगत नाहीत.

आवडीनिवडीकडे वळते. अलीकडं ‘मुलाला आपोआप कळतं, त्याच्या पुढ्यात ठेवा आणि बघत राहा’ असं सांगणारा एक पंथ निघाला आहे. ही मंडळी क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टरबाईंच्या १९२६ पासूनच्या प्रयोगाचा हवाला देतात. अंगावरून नुकतीच तुटलेली बाळं, पुढ्यात तीसेक साधे पदार्थ, बाळ जिकडं हात करील तेच द्यायचं. बाळं झकास वाढली, खरं आहे. पण त्या पदार्थांत साखर नव्हती, तळण नव्हतं, डब्यातलं काही नव्हतं. खरी खुबी यादीत होती, हे बाईंनी स्वतः १९३९ मध्ये सांगून ठेवलं आहे. निवड बाळाची, पण यादी मोठ्यांची. त्या पंथाच्या घरांत यादीच बिस्किटांपासून सुरू होते.

उलट बाजूला कोंबणारे. नाक दाबून, पाय धरून, ‘शेवटचा घास’ म्हणून आणखी चार. लीअन बर्च यांनी अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या मुलांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यातून दिसलं ते कुठल्याही धीराच्या आजीला ठाऊक होतं. नवी चव दहा-बारा वेळा, थोडी थोडी, न रागावता पुढ्यात आली की मूल ती घेऊ लागतं. सक्ती केली की त्याच पदार्थाचा तिटकारा बसतो. आपल्याकडच्या आया दोनदा तोंड वाकडं झालं की ‘आमच्याकडे पडवळ खात नाही’ असं जाहीर करून मोकळ्या होतात. चवीची शाळा तर त्याही आधी भरते. आईनं गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतला असेल तर तिच्या बाळाला पुढं गाजराची चव परकी वाटत नाही, हे ज्युली मेनेला यांनी २००१ मध्ये दाखवलं. बाळंतिणीला महिनोन्महिने अळणी, फिकं जेवायला घालणाऱ्यांनी विचार करावा.

उष्टावणाचा सोहळा मला आवडतो. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी, खीर. पण दुसऱ्या दिवशी काय? सोहळ्याचे फोटो शंभर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पातळ पेज. माझ्या माहेरी बाळाची वाटी वेगळी असे, पितळेची, कल्हई केलेली. बाळानं किती खाल्लं हे त्यामुळं कळायचं. मोठ्यांच्या ताटातून चार शितं भरवली की ‘खातो की आमच्याबरोबर’ असं होतं आणि हिशेब लागत नाही. मऊ भात, त्यात घट्ट वरण, वर तुपाची धार, चिमूट मेतकूट, किनाऱ्याला कुस्करलेला मासा, आणि काऊ-चिऊच्या नावानं घास. भरवणारी आत्या घटकाभर दुसरं काही करत नसे. आज त्या जागी मोबाईल टेकवलेला असतो. मूल पडद्याकडं बघत तोंड उघडतं, भरवणारीही दुसऱ्या पडद्याकडं बघते. पोट भरल्याची खूण मुलानं करायची आणि मोठ्यानं ओळखायची, ही दोघांची गोष्ट पार संपली. आणि ही तक्रार फक्त शहरातली नाही. आदिवासी पाड्यावरच्या टपरीत तारेला पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकतात. सकाळी कामावर जाणारी आई वर्षाच्या मुलाच्या हातात पुडा देते, कारण तो भांडं मागत नाही, जळण मागत नाही, वेळ मागत नाही. तिला बोल लावणाऱ्यांनी आधी तिच्या मजुरीचे तास मोजावेत.

सरकारी योजनांचा इतिहास धावता सांगते. अंगणातल्या बालवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला रुजवली. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. आधी मुलामागे रोज ३०० कॅलरी, २००९ नंतर ५००. ठेकेदार नको, गावातल्या बचतगटांकडून अन्न घ्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये बजावलं. त्यानंतरही पाकिटं छापली गेलीच. २००५ मध्ये औरंगाबादेत राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं, त्या काळात दोन वर्षांखालच्या मुलांचं खुरटणं खरोखर कमी झालं. त्याचं श्रेय मी मोकळ्या मनानं देते. मग गती गेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुरटलेली आणि चौथा हिस्सा रोडावलेली निघाली. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशात जेमतेम ११ टक्के. या आकड्यावर विधिमंडळ तहकूब झाल्याचं ऐकिवात नाही. २०२४ मध्ये एका बड्या परदेशी कंपनीच्या भारतातल्या बाळ-पिठात घातलेली साखर बाहेर आली, तीच कंपनी युरोपात बिनसाखरेचं विकते. आठवडाभर वाहिन्या ओरडल्या, मग क्रिकेट आलं.

२०१५ च्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या मुलांना अंडं मिळू लागलं, ते मला मनापासून पटलं. अंड्याला विरोध करणाऱ्यांच्या मुलांना दूध, तूप, बदाम मिळतात. कातकऱ्याच्या मुलाच्या वाटीत अंड्याऐवजी काय घालणार, हे ते सांगत नाहीत.

माझी जुनी मागणी या निमित्तानं पुन्हा छापून घेते. घरी न्यायच्या शिध्याबरोबर प्रत्येक तान्ह्यामागे मोडाच्या पिठाची एक पुडी द्या. एका वेळेला चार ग्रॅम, दिवसातून तीनदा, म्हणजे महिन्याला साडेतीनशे ग्रॅमच्या वर थोडं. बचतगटाच्या बायका ती फडक्यात बांधून, गावच्या गिरणीत दळून करतील. सोबत अडीचशे मिलिलिटरची, आत रेघ असलेली एक वाटी. हा अर्ज मी नोकरीत असताना दिला, निवृत्त झाल्यावरही दिला. शेवटच्या वेळी मंत्रालयातल्या एका तरुण अधिकाऱ्यानं तो नीट वाचला, पीठ किती दिवस टिकतं हे विचारलं, आणि मग सांगितलं की निविदेच्या नमुन्यात ‘मोड’ हा घटक कुठल्या रकान्यात भरायचा ते ठरलेलं नाही.