उभ्या गाडीची रेस का वाढते?



ऊस पिवळा पडला की आपल्यातले पुष्कळजण पहिल्यांदा युरियाचे पोते फोडतात. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता असू शकते. पण चुनखडीच्या जमिनीत नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर तो लोहाच्या कमतरतेचा केवडा. त्याला युरिया घालून उपयोग नाही. आधी पान बघा, मग पोते फोडा, असे आम्ही बांधाबांधावर सांगत फिरतो. पण स्वतःच्या मोटारसायकलच्या बाबतीत आम्हीच हे विसरलो. ती हकिकत सांगावी म्हणून हा लेख.

आमची गाडी शंभर सीसीची, २०११ सालची, कार्ब्युरेटरची. २०२३ च्या डिसेंबरात, ऐन हंगामात, तिची रेस वाढली. मूठ पूर्ण सोडली तरी इंजिन भणभणायचे. गावातल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने स्लो रेसचा स्क्रू थोडा सैल केला आणि “झालं साहेब” म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरासमोर गाडी स्लोवर उभीच राहीना, सारखी बंद पडे. आम्ही स्क्रू परत आवळला. शिवारात गेलो, तर पुन्हा भणभण. असे दोन आठवडे चालले. घरी स्क्रू आवळायचा, रानात सैल करायचा. पेट्रोल जास्त जाऊ लागले ते वेगळेच.

मग एका संध्याकाळी तोडणीची पाहणी करून पाटाच्या पुलावरून परत येत होतो. समोरून भरलेल्या दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर आला. त्याला वाट द्यावी म्हणून आम्ही मूठ सोडली आणि हँडल कडेच्या पाणंदीकडे वळवले. हँडल वळताच गाडीने आपोआप रेस घेतली आणि ट्रेलरच्या चाकाकडे उसळली. क्लच दाबला म्हणून वाचलो. चाकात आणि आमच्या गुडघ्यात हातभर अंतर राहिले असेल.

हे सारे पुलाजवळच्या वस्तीवरच्या एका वयस्क सभासदांनी बघितले होते. ते येऊन म्हणाले, “सायेब, गाडी न्यूट्रल करा, चालू ठेवा आन् हँडल दोन्हीकडं फिरवा बघू.” आम्ही फिरवले. एका बाजूला वळवले की इंजिनचा आवाज चढायचा, सरळ केले की थोडा उतरायचा. मग त्यांनी उजव्या मुठीशी लटकलेली आमची पिशवी उचलून धरली. आवाज एकदम खाली आला आणि गाडी बंद पडली.

“ही पिशवी कवापास्नं हितं अडकवताय?”

“बरीच वर्षं झाली मामा.”

“मग गाडीला कशाला नावं ठेवताय?”

नोंदवह्या, टेप, पाण्याची बाटली असे सगळे ओझे त्या पिशवीत. तिच्या पट्ट्याने ॲक्सिलेटरची केबल रोज दाबून वाकली होती. पिशवी अडकवली की केबल ताणायची आणि मूठ सोडली तरी कार्ब्युरेटर पुरता मिटायचा नाही. घरी किंवा मिस्त्रीकडे पिशवी काढलेली असायची, म्हणून तिथे रोग दिसायचाच नाही. स्क्रूचा काही दोष नव्हता. नवी केबल टाकली, पिशवी मागच्या कॅरिअरला बांधली, काम झाले.

तेव्हापासून आम्ही एक क्रम पाळतो. सभासदांनीही तो पाळावा.

पहिले, इंजिन गरम होऊ द्यावे. थंड इंजिनची रेस चोक ओढल्यावर वर राहते, तो बिघाड नव्हे. पाच-दहा मिनिटे गाडी चालवावी आणि चोक पूर्ण बंद झाला आहे का ते बघावे. गरम झाल्यावर शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांची स्लो रेस मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत बघावा.

दुसरे, मूठ तपासावी. फिरवून सोडली की ती चटकन मागे आली पाहिजे. केबल ओढायला लागण्याआधी मुठीच्या कडेला साधारण २ ते ६ मिलिमीटर ढिलाई हवी. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे हँडल दोन्हीकडे फिरवावे. आवाज बदलला तर केबल ताणलेली किंवा कुठेतरी दबलेली आहे.

तिसरे, आता कुठे स्लोचा स्क्रू. हात लावण्याआधी किती फेरे फिरवतो ते मोजावे, म्हणजे परत जागेवर आणता येतो. स्क्रू पार सैल करूनही रेस उतरत नसेल तर दोष दुसरीकडे आहे.

चौथे, हवा कुठून शिरते का ते बघावे. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबर तडकले, गॅस्केट फाटले किंवा बोल्ट सैल झाला की तिथून जादा हवा आत जाते. मूठ सोडल्यावर रेस सावकाश उतरणे, सायलेन्सरमधून फटफट आवाज येणे, प्लग पांढरट दिसणे, ही त्याची लक्षणे. हातपंपाने त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर गळती तिथेच. या कामाला पेट्रोल कधीही वापरू नये, भडका उडेल. अशी गाडी नुसता स्क्रू सैल करून चालवू नये. पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाली की इंजिन तापते.

पाचवे, कार्ब्युरेटरमधला पिस्टन कचऱ्याने अडकणे किंवा सफाईनंतर उलटा बसणे. हे काम जाणत्या मिस्त्रीचे.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहाच्या गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर नाही, फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे स्लो रेस इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळते. मूठ आणि हँडलची तपासणी तीच, पण पुढे स्क्रू शोधत बसू नये. इंजिनचा दिवा लागून राहिला तर माहीतगाराकडे न्यावे.

आणि चालत्या गाडीची रेस अचानक चढली तर आधी क्लच दाबावा, ब्रेक लावावा, मग चावी बंद करावी. चावी लॉकपर्यंत मात्र फिरवू नये, हँडल अडकेल.

हंगामात आपले रस्ते उसाच्या वाहनांनी भरलेले असतात. मोळी बांधलेली, डबा अडकवलेली, पिशव्या लटकवलेली गाडी आपल्यातल्या बहुतेकांची. घरातून निघताना, ओझे अडकवल्यावर, एकदा हँडल दोन्हीकडे फिरवून बघावे. अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही. आणि मिस्त्रीकडे जाताना गाडी रोज असते तशीच न्यावी, पिशवीसकट.