तळ्यातले वडीलधारे

भिगवणच्या मासळी बाजारात मी रोहूचे खवले गोळा करत फिरतो, याची तिथल्या भोई मंडळींना आता सवय झाली आहे. सुरुवातीला एकाने विचारले होते, “भाऊ, मासा काय जन्माचा दाखला घेऊन येतो व्हय?” मी ऐटीत म्हणालो, “येतो. फक्त तो वाचता आला पाहिजे.” पुढे जुन्या बाजारातून घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली एकाच खवल्यावरची वलये सकाळी चार आणि संध्याकाळी पाच भरू लागली, तेव्हा ती ऐट उतरली. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. हिशेबात एकाचा जरी फरक राहिला तरी चैन पडत नाही. त्या एका वलयाच्या मागे लागूनच मी उत्तर अमेरिकेतल्या बिगमाउथ बफेलो या माशापर्यंत पोचलो.

दिसायला हा आपल्या कटल्याच्या वळणाचा. रुंद तोंडाचा, बिनदाताचा, पाण्यातले सूक्ष्म जीव कल्ल्यांनी गाळून खाणारा. वजन वीस किलोंच्याही वर जाते. त्याचे आयुष्य फार तर २६ वर्षांचे, असे पूर्वी धरले जाई. थंड प्रदेशात हिवाळ्यात वाढ खुंटते, उन्हाळ्यात वेग घेते, म्हणून खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षाला एक रेघ उमटते. पण खवला शरीराबरोबर वाढतो. शरीराची वाढ मंदावली की कडेच्या रेघा एकमेकींत मिसळतात. शिवाय खवला गळून नवा आला, तर आधीची पाने फाडून टाकलेली वहीच हाती येते.

माशाच्या अंतर्कर्णात चुन्याचे इवलेसे खडे असतात, त्यांना कर्णाश्म म्हणतात. शरीर वाढायचे थांबले तरी त्यांच्यावर थर चढतच राहतात. हे खडे कापून, पातळ चकत्या करून ॲलेक लॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वलये मोजली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: एका माशाचे वय ११२ वर्षे. वलय म्हणजे वर्षच कशावरून, ही शंका कोणीही घेईल. तिचे उत्तर अणुबॉम्बने दिले. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या चाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकाएकी वाढला, आणि तो पाण्यातून माशांच्या कर्णाश्मांतही उतरला. चाचण्यांपूर्वी जन्मलेल्या माशाच्या खड्याच्या गाभ्यात तो वाढीव कार्बन नसतो. वलयांची मोजणी या खुणेशी जुळली. (खडा काढायचा तर मासा मारावा लागतो, शंभरीचा दाखला त्या शंभरीच्या जिवावरच मिळतो, हे मला अजून पचलेले नाही.)

आता हिशेब पाहा. होनिग यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार, साधारण ४.३ या आकड्याला जातीच्या कमाल वयाने भागले की नैसर्गिक मृत्यूचा दर मिळतो. कमाल वय २६ धरले, तर दरवर्षी शंभरातले सुमारे पंधरा मासे आपोआप मरतात, असे येते. ११२ धरले, तर जेमतेम चार. ज्या तळ्यात दरवर्षी पंधरा मरून तेवढेच नवे येतात असे आपण समजतो, तिथून दहा-बारा उचलायला काही वाटत नाही. चारच मरत असतील, तर तीच उचल म्हणजे मुद्दलाला हात घालणे. आणि मिनेसोटात हा मासा ‘रफ फिश’ म्हणजे हलक्या प्रतीचा गणला गेल्याने त्याच्या शिकारीवर वर्षानुवर्षे मर्यादाच नव्हती. धनुष्यबाणाने रात्री दिव्याच्या उजेडात मासे मारणे हा तिथे खेळ आहे.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट वयांच्या वाटणीत होती. काही ठिकाणी ८५ ते ९० टक्के मासे ऐंशीच्या पुढचे निघाले, म्हणजे १९३०च्या दशकात नद्यांवर बंधारे पडले त्याच्या आसपासचे किंवा आधीचे. म्हातारपणाची लक्षणे म्हणावीत, तर शरीरावरील ताण आणि प्रतिकारशक्ती तपासल्यावर वयोवृद्ध माशांत ऱ्हास आढळला नाही. मासे धडधाकट आहेत. कमी आहे ती नव्या पिढीची.

मिनेसोटातल्याच राइस लेक या सरोवरात हे उघडे दिसते. तिथे तपासलेल्या ३९० माशांपैकी ३८९ हे १९७२ पूर्वी जन्मलेले. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, तरी त्या सरोवरातला जवळपास प्रत्येक मासा वयाने माझ्या बरोबरीचा किंवा माझ्याहून वडील! आणि ते वांझ नाहीत. दर वसंतात ते नदीतून सरोवरात येतात, उथळ पाण्यात अंडी घालतात, पिल्लेही निघतात. उन्हाळा सरेपर्यंत ती पिल्ले दिसेनाशी होतात. संशोधकांचा संशय पाईक या शिकारी माशावर आहे. पुढच्या वसंतात पुन्हा तेच वडीलधारे अंडी घालायला येतात.