रिकाम्या खोल्यांचा हिशेब

२०२० या कोविड महामारीच्या एका वर्षात अमेरिकेतल्या हॉटेलांत १०० कोटींहून जास्त रात्री विकल्याच गेल्या नाहीत. हॉटेलवाले मोजतात तशा, म्हणजे एका खोलीची एक रात्र हा एक नग. हा साठा एकट्या माणसानं रोज एक खोली वापरून संपवायचा म्हटला, तर २७ लाख वर्षं लागतील. आपली मानवजात पृथ्वीवर येऊन झाली आहेत साधारण ३ लाख वर्षं. बाकीच्या २४ लाख वर्षांसाठी चेक-इन कुणी करायचं, हा प्रश्नच आहे.

या धंद्याची गोम अशी, की पडून राहिलेली साडी पुढच्या दिवाळीला सवलतीत तरी निघते. कालची रात्र आज कुणी फुकटही घेत नाही.

आता मुंबईकडे येऊ. ताज चालवणाऱ्या इंडियन हॉटेल्स कंपनीचं २०१९ मधलं एप्रिल ते जून या तिमाहीचं उत्पन्न होतं सुमारे १,०२० कोटी रुपये. पुढच्या वर्षी त्याच तीन महिन्यांत ते १४४ कोटींवर आलं. २०२०-२१ चा तोटा ७२० कोटींचा. म्हणजे दिवसाला जवळपास २ कोटी आणि तासाला ८ लाख. आपण आठ तास झोपून उठेपर्यंत ६५ लाखांची चाट.

तोटा फक्त न आलेल्या पाहुण्यांचा नसतो, कारण हॉटेल फुकटात बंद ठेवता येत नाही. पाइपात साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. त्यामुळे रिकाम्या हॉटेलातही दर आठवड्याला प्रत्येक खोलीतला बेसिन, शॉवर, टबाचा नळ सोडून पाणी वाहू द्यावं लागतं, कमोडचा फ्लशही ओढावा लागतो. ५०० खोल्या आणि खोलीमागे पाचच मिनिटं धरा, जवळपास ४२ तास झाले. पाच माणसांची अख्खी पाळी, कुणीच न वापरलेलं पाणी गटारात सोडण्यासाठी! शिवाय मुंबईचा पावसाळा. एसी बंद ठेवला तर गालिचे आणि गाद्या बुरशी धरतात.

महामारीनंतर पंचतारांकित हॉटेलांनी काय बदललं, असं विचारलं की सॅनिटायझर, क्यूआर कोडचं मेन्यूकार्ड आणि कागदी पाकिटात घातलेला टीव्हीचा रिमोट, एवढं पटकन आठवतं. ती वरवरची रंगरंगोटी. मला विचाराल तर खरा बदल हिशेबाच्या वहीत झाला. रिकाम्या खोलीचा बोजा कुणाच्या डोक्यावर टाकायचा, हे नव्यानं ठरलं.

पहिला डाव पैसा आधीच उचलण्याचा. एप्रिल २०२० मध्ये मॅरियटचं खोलीमागचं उत्पन्न जगभरात ९० टक्क्यांनी घसरलं होतं. त्याच सुमारास हिल्टननं आपले लॉयल्टी पॉइंट अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीला आगाऊ विकून १०० कोटी डॉलर उभे केले. मॅरियटनं कार्ड कंपन्यांकडून अशाच रीतीनं ९२ कोटी डॉलर घेतले. पाहुणा घरात कोंडलेला, हॉटेलला कुलूप, आणि त्यानं पुढे कधीतरी झोपायला यायचं त्याचे पैसे आजच गल्ल्यात. धंद्याचं डोकं म्हणतात ते हे.

दुसरा डाव स्वयंपाकघराचा. खोल्या रिकाम्या असल्या तरी शेफ आणि भट्ट्या होत्याच. ताजनं जुलै २०२० मध्ये मुंबईत क्यूमिन नावाची सेवा सुरू केली आणि ताजचं जेवण घरपोच जाऊ लागलं. महामारीआधी असं कुणी सुचवलं असतं, तर बहुधा नाकं मुरडली गेली असती. पुढे क्यूमिनची उपाहारगृहंही निघाली.

तिसरा डाव सर्वांत मोठा. इमारत दुसऱ्याची, नाव आणि कारभार आपला. मालक जमीन घेतो, कर्ज काढतो, व्याज भरतो. कंपनी हॉटेल चालवून उलाढालीतला आणि नफ्यातला वाटा घेते. ही पद्धत जुनीच, पण तोट्याच्या वर्षानंतर तिला जोर चढला. मे २०२२ मध्ये इंडियन हॉटेल्सनं ३०० हॉटेलांचं लक्ष्य जाहीर केलं आणि कामकाजाच्या नफ्यातला ३५ टक्के हिस्सा असं व्यवस्थापन शुल्क आणि नवे व्यवसाय यांतून यावा, असं ठरवलं. बांधून व्हायची धरून ३०० चा आकडा मार्च २०२४ पर्यंत ओलांडलाही. २०२३-२४ चा नफा १,२५९ कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे ३ कोटी ४४ लाख.

बोजा उचलणारं आणखी एक डोकं आहे, त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. २०२१ मध्ये हिल्टननं अमेरिकेत रोजची साफसफाई 'मागितली तर' अशी केली. ही प्रथा सगळीकडे रुजली तर सफाई कामगारांच्या ३९ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १ लाख ८० हजार नोकऱ्या जातील, असा इशारा तिथल्या 'युनाइट हिअर' या कामगार संघटनेनं दिला. त्यांत बहुसंख्य बाया. हिल्टनच्या अतिमहागड्या हॉटेलांत मात्र रोजची साफसफाई चालूच राहिली. तिथला पाहुणा त्याचेच तर पैसे मोजतो.

इंडियन हॉटेल्सचा पुढचा आकडा २०३० पर्यंत ७०० हॉटेलांचा आहे. त्यांतल्या बऱ्याचशा इमारतींचं व्याज दुसरंच कुणीतरी भरत असेल, खोल्या भरोत वा न भरोत.