उजवीकडे जायचंय? मग हँडल डावीकडे!

मथळा वाचून छपाईत घोळ झालाय असं वाटलं असेल. नाही झालेला. सायकल असो की मोटरसायकल, चालती गाडी उजवीकडे वळवायची तर हँडल आधी किंचित डावीकडेच जावं लागतं. तुम्ही सगळे हे रोज करता, मेसला जाता-येता करता, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. मलाही नव्हतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी कळलं, आणि त्याची किंमत माझ्या रूममेटच्या कॉलरबोनने मोजली.

आम्ही दोघं एका सीनियरची बाईक मागून घाटात गेलो होतो. उतरताना एक डावं वळण आलं. स्पीड ताशी 40 च्या आतच होता, पण वळण पुढे पुढे आवळत गेलं आणि गाडी रस्त्याच्या मधोमध सरकायला लागली. समोरून ट्रक. मी काय केलं? जे कुणीही करेल तेच. जीव खाऊन हँडल डावीकडे ओढलं. आणि गाडी, शप्पथ सांगतो, आणखी उजवीकडे गेली! ट्रकच्या ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक मारला म्हणून हा लेख लिहितोय. आम्ही ट्रकच्या पुढून आडवे जाऊन थेट पलीकडच्या चरात. हॉस्पिटलमध्ये रूममेट एवढंच म्हणाला, "अरे, तू हँडल वळवलंच का नाहीस?"

वळवलं होतं रे. तोच तर प्रॉब्लेम होता.

आता थोडं मेकॅनिक्स. घाबरू नका, केटी लागणार नाही. खोलीतला झाडू घ्या (असेल तर!) आणि तळहातावर उभा तोलून धरा. तो पडू न देता उजवीकडे न्यायचाय. हात सरळ उजवीकडे नेलात तर झाडूचं वरचं टोक मागे राहतं आणि तो डावीकडे कोसळतो. म्हणून हात आधी जरासा डावीकडे न्यायचा. झाडू उजवीकडे कलायला लागला, की मग त्याच्या मागोमाग हात उजवीकडे. दुचाकी म्हणजे हाच झाडू. तळहात म्हणजे टायर रस्त्याला टेकतात ती जागा, आणि वरचं टोक म्हणजे गाडीचं आणि तुमचं वजन. हँडल डावीकडे गेलं की टायर खालून डावीकडे निघतात, वजन वर आहे तिथेच राहू पाहतं, आणि गाडी उजवीकडे कलते. मग पुढचं चाक उजवीकडे वळून तो कल सावरतं आणि गाडी वळते. पहिली पायरी क्षणभराची, दुसरी डोळ्यांना दिसणारी. त्यामुळे सगळे दुसरीच सांगतात.

कलायचं किती, ते फर्स्ट इयरच्याच फॉर्म्युल्यात आहे: टॅन थिटा म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले जी. समजा ताशी 36 किमी, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. वळणाची त्रिज्या 20 मीटर असेल तर कोन येतो 27 अंश. तेच वळण आवळून 15 मीटरचं झालं की 34 अंश. म्हणजे अशा वेळी गाडी डावीकडे अजून कलवायला हवी. मी हँडल डावीकडे ओढून टायर पुन्हा वजनाच्या खाली आणले आणि गाडी उभी केली. उभी गाडी वळत नाही, सरळ जाते. सरळ म्हणजे ट्रककडे.

इथे थर्ड इयरवाले "जायरोस्कोपिक कपल!" म्हणून ओरडणार. आहे, तेही त्याच दिशेने मदत करतं. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जोएल फॅजन्स यांनी 2000 साली अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये दाखवून दिलं की त्याचा वाटा मर्यादितच आहे. व्हायव्हात सांभाळून बोला.

ही गोष्ट नवीन मुळीच नाही. विमानवाल्या राइट बंधूंचं डेटन गावात सायकलचं दुकान होतं. त्यातल्या विल्बरने डझनावारी सायकलस्वारांना विचारलं होतं, की डावीकडे कसे वळता? पहिल्या फटक्यात पूर्ण बरोबर उत्तर एकानेही दिलं नाही. खोदून विचारल्यावर काहींनी कबूल केलं, की हो, आधी थोडं उजवीकडे जातं खरं.

मग प्रश्न असा, की हातांना येतंच आहे तर डोक्याला कशाला शिकवायचं? कारण घाबरल्यावर हातांचं कुणी ऐकत नाही, डोकं मध्ये पडतं, आणि डोक्यातली थिअरी चुकीची असते. 1981 साली अमेरिकेत हर्ट रिपोर्ट म्हणून एक अहवाल निघाला. लॉस एंजेलिस भागातले 900 मोटरसायकल अपघात त्यांनी जागेवर जाऊन तपासले. त्यात स्पष्ट म्हटलंय, की हँडल उलटं दाबून गाडी बाजूला काढणं त्या चालकांना जवळजवळ येतच नव्हतं. मला तर ते वाचताना आपलंच नाव शोधावंसं वाटलं.

खात्री करायची तर मोकळं ग्राउंड बघा, सायकल घ्या. बऱ्यापैकी वेगात सरळ जाताना मुठी न आवळता नुसते तळवे टेकवा आणि उजवा तळवा हलकेच पुढे ढकला. हलकेच म्हणजे हलकेच! उजवी मूठ पुढे म्हणजे चाक डावीकडे, आणि सायकल मात्र उजवीकडे कलते. ज्या बाजूला जायचं त्या बाजूची मूठ पुढे, एवढंच लक्षात ठेवायचं. आणि हो, डांबराच्या कडेला अगदी चिकटून चालवू नका. कड डावीकडे असेल तर उजवीकडे निघायला टायर आधी डावीकडे जायला हवेत, आणि तिकडे तर रस्ताच संपलेला! कडेवरून सायकली घसरतात त्या अशाच. रिक्षाला हे काहीच लागू नाही बरं का. तिलाही हँडलच असतं, पण ती कलत नाही, त्यामुळे जिकडे वळवाल तिकडे वळते.

रूममेटचा हात आता गळ्यातून सुटलाय. मागच्या शनिवारी त्याने ग्राउंडवर तासभर हा प्रयोग केला, आधी सायकलवर, मग हेल्मेट घालून बाईकवर. मी मागे बसायला तयार होतो. तो नको म्हणाला.