वायु-इंधनी एकक तापक

नैसर्गिक वायू किंवा प्रोपेन जाळून मिळणारी उष्णता पंख्याच्या साहाय्याने जागेतील हवेला देणाऱ्या स्वयंपूर्ण उपकरणास ‘वायु-इंधनी एकक तापक’ म्हणतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा व उत्तर यूरोप या थंड प्रदेशांत कारखाने, गुदामे व वाहन दुरुस्तीच्या कर्मशाळा उबदार ठेवण्यासाठी तो वापरतात. तो बहुधा छताला टांगतात, त्यामुळे जमिनीवरील जागा अडत नाही.

रचना : ज्वालक, उष्णता-विनिमयक, पंखा, वायुझडप व तापनियंत्रक हे याचे प्रमुख भाग होत. ज्वलनाने निर्माण झालेले तप्त वायू विनिमयकाच्या आतून धुराड्यात जातात, तर जागेतील हवा त्याच्या बाहेरून वाहत जाऊन तापते. हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळत नाहीत.

क्षमता : निवड करताना भिंती, छप्पर, काचा व वारंवार उघडणारी दारे यांतून होणारी उष्णताहानी प्रथम काढतात. गरजेपेक्षा फार मोठा तापक सतत पेटतो व विझतो आणि इंधन वाया जाते. आदान व प्रदान यांतील फरकही लक्षात घ्यावा लागतो : १०० किवॉ. आदानाचा व ८०% कार्यक्षमतेचा तापक ८० किवॉ. उष्णता देतो. उंच प्रदेशी हवा विरळ असल्याने ही क्षमता घटते.

ज्वलनासाठी हवा : केवळ क्षमतेवरून केलेली निवड धोक्याची ठरू शकते. १ घ. मी. मिथेन पूर्णपणे जळण्यास सु. ९·५ घ. मी. हवा लागते. ती अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू निर्माण होतो. धुराड्यातील नैसर्गिक ओढीवर चालणारा तापक उघड्या, हवेशीर जागेत चालतो; परंतु निष्कास पंख्यांमुळे इमारतीतील दाब घटला, तर धूर उलट आत येतो. अशा ठिकाणी, तसेच धुळीच्या किंवा दमट जागी, बाहेरून हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा विलग-ज्वलन प्रकार निवडतात. क्लोरीनयुक्त विद्रावकांची वाफ ज्वालेत गेल्यास हायड्रोक्लोरिक अम्ल बनून विनिमयक झिजतो. तेथेही हाच प्रकार योग्य ठरतो. स्फोटक बाष्पे असलेल्या जागी मात्र सामान्य वायु-इंधनी तापक वर्ज्य असून वाफेवर किंवा उष्ण जलावर चालणारे तापक वापरतात व त्यांची विद्युत् साधनेही स्फोटरोधक असावी लागतात.

कार्यक्षमता : धूर पंख्याने बाहेर काढणाऱ्या तापकांची कार्यक्षमता सु. ८०% असते. संघनन प्रकारात धुरातील वाफेचे पाणी करून तिची सुप्त उष्णताही मिळवितात आणि कार्यक्षमता ९०% हून अधिक होते. हे पाणी अम्लधर्मी असल्याने विनिमयक अगंज पोलादाचा असतो व निचऱ्याची सोय करावी लागते. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा धोरण कायद्यान्वये ८ ऑगस्ट २००८ पासून निर्माण होणाऱ्या एकक तापकांना सतत जळणारी मार्गदर्शक ज्योत वर्ज्य झाली आणि शक्तिचलित धूरनिष्कासन किंवा धुराड्यात स्वयंचलित झडप आवश्यक ठरली.

फार उंच छताच्या इमारतींत उष्ण हवा वरच साचते. तेथे छताचे पंखे जोडतात किंवा माणसे व वस्तू यांना थेट उष्णता देणारे प्रारण तापक अधिक उपयुक्त ठरतात.